पावण्याची फेरी

ऊस सुरू झाला की आमच्या कोल्हापुरात ते आधी नाकाला कळतं. रस्त्यावर ट्रॉल्या दिसायला अजून वेळ असतो, पण सकाळी खिडकी उघडली की काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास आत येतो आणि त्याच्या मागोमाग चिपाडाच्या धुराचा. यंदाही आला. मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा होतो. वास नाकात शिरला, मी तो ओळखला, आणि तो तिथंच थांबला. पूर्वी तो पोटापर्यंत जायचा.

"गूळ आला असंल की ताजा," शैला, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणायचा काय?"

"आण."

"तुमीच जावा की गुऱ्हाळावर. तेवढंच पाय मोकळं हुत्यात."

"बघू," मी म्हणालो, आणि गेलो नाही.

दोन वर्षं माझं असंच चाललंय. याला दुःख म्हणावं तर तेही नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल आपलाच असतो, पण दाबून बघितला तर शेजाऱ्याचा दाबल्यासारखा लागतो, तसं आहे. जेवण जातं, झोप येते. लग्नाकार्याला जातो, पंगतीत बसतो, कुणी चेष्टा केली तर वेळेवर हसतो. लोक म्हणतात, मिस्त्री सावरले. मला सावरल्यासारखंही वाटत नाही आणि कोसळल्यासारखंही. पण ऊस सुरू झाला की तो एक हंगाम आठवतोच. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला हंगाम तो, आणि त्याचा शेवटचा रविवार सगळ्यात वाईट.

मी उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथ चालवली. निवृत्त झालो तेव्हा एक जुनी लेथ घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून बसवली, आणि चार वर्षं खपून एक वाफेचं इंजिन केलं. हातभर लांबीचं, पण खरंखुरं. तांब्याचा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, आत पाणी. पाण्याची वाफ होते, वाफ दट्ट्या ढकलते, दट्ट्या चाकं फिरवतो. बॅटरी नाही, चावी नाही. दोन रुळांत अंतर पावणेदोन इंच. फक्त माझ्याकडे रूळ नव्हते. आमचं परसू म्हणजे एक कढीपत्त्याचं झाड आणि कपडे वाळत घालायची तार. तिथं गाडी फिरवायची म्हटलं तर ती निघायच्या आधीच पोचली असती.

म्हणून ज्यांच्या बागेत रूळ होते त्यांच्याकडे मी जाऊ लागलो. आपल्या जिल्ह्यात असले खुळे किती असणार, असं मला वाटायचं. मला तिघं सापडले. एक इचलकरंजीत, एक चंदगडला, एक मलकापूरला. त्या हंगामात दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत जवळजवळ दर रविवारी आम्ही बाहेर. आम्ही म्हणजे मी आणि अक्का.

अक्का माझी थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. मी चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा अक्का अकरा वर्षांची होती. तिनं मला वाढवलं हे वाक्य लिहायला सोपं आहे. मला आईचा चेहरा आठवत नाही, अक्काच्या परकराचं टोक मात्र आठवतं, कारण मी ते धरून हिंडायचो. ठेच लागली, बोट चेमटलं की बाकीची पोरं "आई गं" म्हणायची. माझ्या तोंडातून "अक्का गं" निघायचं. शाळेत त्यावरून फार चिडवायचे. अक्काला सांगितलं तर म्हणाली, "मग काय म्हणणार तू? जी येणार तिलाच हाक मारायची."

तिनं लग्न केलं नाही. माझ्यासाठी केलं नाही असं पाहुण्यांत बोललं जायचं. तिला ते अजिबात खपायचं नाही. "त्याच्यासाठी कशाला? मला कोण पसंत पडलं न्हाय," असं ती चारचौघांत सांगायची. तीस वर्षं चंदगड तालुक्यात शाळेवर काढली तिनं, त्या मरणाच्या पावसात. निवृत्त झाल्यावर आमच्या माडीवर राहायला आली आणि येताना चंदगडची एक सवय घेऊन आली. पावसाचं पाणी साठवायची.

इंजिनाला बोअरचं पाणी चालत नाही. त्यात खार असतो, तो बॉयलरमध्ये धरतो. मी दुकानातून बॅटरीचं पाणी आणायचो. अक्कानं एकदा बघितलं आणि म्हणाली, "आभाळातनं फुकट पडतंय ते चालत न्हाय व्हय?" चालतं, उत्तम चालतं. त्या पावसाळ्यात तिनं गच्चीवर पांढरं धोतर ताणून बांधलं, मध्ये एक गुळगुळीत दगड ठेवला आणि खाली पातेलं. प्रत्येक नक्षत्राचं पाणी वेगळ्या बाटलीत, बाटलीवर पट्टी, पट्टीवर तिचं शाळेतलं वळणदार अक्षर. मृग. आर्द्रा. पुनर्वसूला आपल्याकडे तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याला म्हातारा, तर तिनं तसंच लिहिलं होतं, तरणा आणि म्हातारा. मी म्हणालो, "अक्का, पाणी ते पाणी. त्यात काय तरणं आणि म्हातारं?"

"तुला न्हाय कळायचं, दिनू," ती म्हणाली. "तरण्या पाण्यानं इंजिन उधळतं. म्हाताऱ्या पाण्यानं शहाण्यासारखं चालतं."

आणि खरं सांगतो, एकदा तरणा भरला तेव्हा इंजिन वळणावर रूळ सोडून गवतात गेलं. चूक माझी होती, मी वाफ जास्त सोडली होती. पण अक्कानं त्याचं श्रेय पाण्याला दिलं आणि पुढं महिनाभर ते ऐकवलं.

पहिला रविवार इचलकरंजीचा. नेमगोंडा पाटील, आमचा नेमू. जैन घर, पूर्वी शेती, आता मागाचं शेड. शेडच्या मागं डाळिंबाची बाग आणि बागेतून रूळ. भिंतीपलीकडे चाळीस माग धडाधडा चाललेले, त्यामुळे इंजिनाचा आवाज ऐकूच येत नसे. ते धूर सोडत, थरथरत, मुक्यानं फिरायचं. नेमूची बायको पोह्यांवर ओलं खोबरं घालून आणायची आणि आम्ही सगळे एकमेकांशी ओरडून बोलायचो. संध्याकाळी पाळी बदलताना माग पाच-सात मिनिटं थांबले. तेव्हा पहिल्यांदा मला माझ्याच इंजिनाचा आवाज बागेत ऐकू आला. शेडमधून घरी निघालेले चार विणकर कुंपणाशी थांबले. त्यांतला एक हिंदीत म्हणाला, आमच्या गावाकडे अशीच गाडी होती, छोट्या रुळांची. मग माग पुन्हा सुरू झाले.

नियम झाला तो तिथंच, त्या पहिल्या रविवारी. नेमूचं इंजिन रुळावर उभं होतं, माझं माझ्या हातात होतं. रूळ एक आणि इंजिनं दोन. नेमू म्हणाला, तू लाव. मी म्हणालो, तुझा रूळ आहे, तू लाव. असं आमचं बराच वेळ चाललं. अक्का खुर्चीवर बसली होती, तिनं पोह्यांची बशी खाली ठेवली.

"हे बघा," ती म्हणाली. "पंगतीला आधी कोण बसतंय? पावणं. घरची माणसं मागनं जेवत्यात. तर पावण्याची फेरी आधी. ती पुरी झाल्याबिगर घरचं इंजिन बाहेर काढायचं न्हाय. आणि जाताना बॉयलरातलं उरलेलं पाणी त्यांच्याच झाडाच्या बुडाला घालायचं. आलेल्या घराला कायतरी देऊन जायचं असतंय."

शाळेतल्या बाईंनी सांगितल्यावर कोण काय बोलणार? नेमूनं आपलं इंजिन उचलून आत नेलं. पुढं चंदगडला काजूच्या बागेत तोच नियम चालला, मलकापूरलाही चालला. कागदावर कुणी लिहिला नाही. पण आमच्या चौघा खुळ्यांत तो देवळात चप्पल बाहेर काढण्याइतका पक्का झाला.

उरलेलं पाणी काढायची आमची एक पद्धत ठरून गेली होती. मी बॉयलरखालची बारकी तोटी उघडायची आणि अक्कानं खाली ओगराळं धरायचं. ओगराळं आमच्या स्वयंपाकघरातलं, आमटी वाढायचं. शैला चिडायची. "पावण्यांना त्यातनं आमटी वाढायची आणि तुमी त्यात तेलकट पाणी धरायचं?" अक्का घरी आल्यावर स्वतः राखेनं घासून परत खुंटीला लावायची आणि पुढच्या रविवारी परत पळवायची. तिला पन्नास वाट्या दिल्या असत्या तरी तिनं ओगराळंच नेलं असतं. दांडा लांब, हाताला चटका बसत नाही, असं तिचं म्हणणं.

चंदगडच्या रविवाराचं मला फारसं काही आठवत नाही आणि याचं वाईट वाटतं. लाल माती आठवते. चाकांना ती चिकटायची आणि इंजिन उतरवलं की रुळांवर कुंकवाची रेघ ओढल्यासारखी दिसायची. अक्काला भेटायला तिच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या, आता त्यांचेही केस पिकलेले. त्या तिच्यापुढं अजून उभ्या राहून बोलत होत्या. इंजिनाकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि मला जरा रागही आला होता. एवढंच.

शेवटचा रविवार मलकापूरचा.

तिथला आमचा खुळा म्हणजे बाबासो. त्यांचं घर गावाच्या बाहेर, रत्नागिरी रस्त्याला लागून. म्हशींचा गोठा, मागं उतार, उतारावर फणस. जुन्या वळणाचा माणूस, डोक्याला टोपी, बोलणं मोजकं. रूळ त्यांनी स्वतः घातलेले, त्यात चार पावसाळे गेलेले. फणसाखालून निघून पाटावरच्या बारक्या पुलावरून गोठ्यामागं जायचे आणि चिऱ्याच्या बोगद्यातून परत फणसाशी यायचे. फणसाच्या बुंध्याला टेकून एक दगडी बाक होता. तिथं अक्का बसली. संक्रांत नुकतीच झाली होती, तिनं सगळ्यांच्या हातावर तिळाची वडी ठेवली, गोठ्यातल्या गड्यालासुद्धा. मग शेवटची बाटली काढली. पट्टीवर "म्हातारा". तिनं स्वतः नरसाळ्यानं बॉयलरमध्ये पाणी भरलं, दीड पेला. मी दिवा पेटवला.

वाफ धरायला दहा-बारा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मला नेहमी आवडायची. काही करायचं नसतं, फक्त वाफेचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बघत बसायचं. काटा अजून जागचा हललाही नव्हता तेव्हा अक्का म्हणाली, "दिनू, मला जरा बरं वाटंना."

मी काट्यावरची नजर काढली नाही. "काय होतंय?"

"दंड भरून आलाय. छातीत दडपतंय."

"पित्त असेल. तिळगूळ, वर चहा."

"असंल."

बाबासो म्हणाले, "निघायचं काय, मिस्त्री? गाडी काढतो मी."

आणि मी म्हणालो, "एक फेरी होऊ दे. मग जाऊ."

हे वाक्य मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही. बाबासोंचं इंजिन त्यांच्या शेडमध्ये दाराआड बसलं होतं. माझी फेरी झाल्याशिवाय ते निघणार नव्हतं, आणि त्यांनी त्या दिवसासाठी सगळा रूळ घासून लखलखीत केला होता. मला वाटलं, पाहुण्यानं न फिरवता उठणं बरं दिसत नाही. अक्कालाही तेच वाटलं असावं. ती म्हणाली, "होऊ दे की. पावण्याची फेरी हाय."

दहा मिनिटांनी मी मान वर केली तेव्हा ती फणसाला डोकं टेकून बसली होती, आणि तिच्या कपाळावरचा घाम मला चार हातांवरून दिसला. इंजिन अजून हललं नव्हतं. मी तिला उचललं, बाबासोंनी गाडीचं दार धरलं. आम्ही निघालो. बांबवड्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. मी हॉर्न वाजवत होतो. अक्का म्हणाली, "सावकाश चालव. ट्रॉलीवाल्याचंबी पोट हाय त्याच्यावर." ते तिचं शेवटचं बोलणं.

कोल्हापुरात डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता, झटका मोठा होता. दहा मिनिटांचं मनाला लावून घेऊ नका, असंही म्हणाले. माणूस चांगला होता. पण मी आयुष्यभर मायक्रोमीटर हातात धरलेला माणूस. केसाच्या दहाव्या भागाएवढं जास्त कापलं की आख्खा जॉब भंगारात जातो. थोड्यानं फरक पडतो की नाही हे मला दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती.

मी रडलो नाही. लोक येत होते, बसत होते, जात होते. नेमू आला, माझा हात धरून बसला आणि तोच रडला. मी त्याला पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी मलकापूरहून दुधाच्या गाडीतून एक पोतं आलं. आत माझं इंजिन, फडक्यात गुंडाळलेलं. दिवा बाबासोंनी विझवला होता. मी ते उचललं तेव्हा आत पाणी डचमळलं.

इंजिन चालवणाऱ्याला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की काम झाल्यावर बॉयलर रिकामा करायचा. पाणी आत ठेवलं तर गाळ बसतो, व्हॉल्व्ह चिकटतात. मला हे माहीत आहे. मी तोटीला हात लावला आणि परत काढला. शेवटची बाटली होती ती. तिच्या हातचं एवढंच पाणी घरात उरलं होतं, दीड पेला. मी इंजिन पाण्यासकट पेटीत ठेवलं आणि पेटी माळ्यावर चढवली.

मग एक हंगाम गेला. त्या हंगामात मी कुठं गेलो नाही, कुणी बोलावलंही नाही, बोलावलं असतं तर सबब तयार होती. शेडमध्ये बसून लोकांचे पंप दुरुस्त करत राहिलो. मध्ये एकदा लेथवरची तापून निळी झालेली लोखंडाची चीप उडून मनगटाला चिकटली. मी ती चिमट्यानं काढली आणि काम पुढं चालू ठेवलं. शैला चहा घेऊन आली होती. ती तिथंच थांबली. "लागलं न्हाय व्हय?" तिनं विचारलं. लागलं होतं, फोडही आला. पण तोंडातून काही निघालं नाही. ती चहा ठेवून गेली. बाई गं, मला म्हणायचं होतं, मी मुद्दाम करत नाही. तेही म्हणालो नाही.

यंदा संक्रांत झाल्यावर फोन आला.

"मिस्त्री, बाबासो बोलतोय मलकापूरातनं. ऊस गेला आमचा. रान मोकळं झालं. कवा यायलासा?"

मी सबब काढली. गुडघा.

"गुडघ्यानं गाडी चालवतासा व्हय? न्हायतर एसटीनं या."

"बाबासो, तुमचं चालू दे की. माझ्यासाठी कशाला थांबायचं?"

"माझं कुठलं चालू?" ते म्हणाले. "दोन वर्सं झाली, इंजिन काढलं न्हाय मी. रुळावर शेवाळ धरलंय. बोगद्यात मांजर व्यालं."

"का?"

"का म्हंजे? तुमची फेरी व्हायची हाय की. बाईंनी सांगितलंय, पावण्याची फेरी पुरी झाल्याबिगर घरचं काढायचं न्हाय. मी कसं काढू?"

मला राग आला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं म्हणून मी जरा वेळ त्या रागाकडेच बघत बसलो. या माणसाला काय अधिकार, असं वाटलं. माझ्या बहिणीचं मरण याच्या बागेत अडकवून ठेवलंय यानं. मग कळलं की अडकवलं मीच होतं. माझ्याकडे तिचं पाणी अडकलं होतं आणि त्यांच्याकडे तिचा शब्द. सत्तरीचा माणूस तो. चार पावसाळे घालून केलेला रूळ, आणि दोन हंगाम तो नुसता लांबून बघत बसला. बोलला नाही, निरोप धाडला नाही. उसाचं रान मोकळं झाल्यावर फोन केला, आमची सोयरीक असल्यासारखा.

"रविवारी येतो," मी म्हणालो.

पेटी खाली काढली. सेफ्टी व्हॉल्व्ह सोडवून साफ केला, सायकलच्या पंपानं दाब देऊन बघितला. सांध्यांना तेल दिलं. पाणी बदललं नाही. कारागीर म्हणून सांगतो, हे चूक आहे, दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याच्यावर ओरडलो असतो. शैला दारात उभी राहून बघत होती. "मी येऊ?" तिनं विचारलं. मी नको म्हणालो. ती बरं म्हणाली आणि डबा भरून दिला. तिळाच्या वड्या होत्या. अक्का करायची तशा कडक नव्हत्या, पण होत्या.

बाबासोंनी रूळ घासून ठेवला होता. फणसाला बारके फणस धरले होते, हाताच्या मुठीएवढे. बाक तसाच. बाकावर कुणी बसलं नाही. आम्ही दोघं म्हातारे समोर उकिडवे बसलो.

"पाणी हाय घरात पावसाचं," बाबासो म्हणाले. "बदलतासा?"

"नको. आहे तेच चालवतो."

त्यांनी बॉयलरकडे बघितलं, मग माझ्याकडे. काय ते त्यांना कळलं. "बाईंचं?"

"हो."

"मग लावा."

मी दिवा पेटवला. दहा मिनिटं. या वेळी मी गेजकडे बघितलं नाही. बाकाकडे बघितलं. काटा वर आल्याचं बाबासोंनीच सांगितलं. मी वाफ सोडली. इंजिनानं आधी धुरांड्यातून काळपट पाणी थुंकलं, दोनदा अडखळलं आणि निघालं. पुलावरून गेलं. गोठ्यामागं दिसेनासं झालं. म्हशी उठून उभ्या राहिल्या. मग बोगद्यातून बाहेर आलं, वाफ सोडत, हळू, अगदी शहाण्यासारखं चालत. म्हातारं पाणी. मला ते आठवलं आणि तरीही काही वाटलं नाही. फणसाशी आल्यावर मी ते थांबवलं.

बाबासो उठले. टोपी सारखी केली. "झाली पावण्याची फेरी," ते म्हणाले. मला म्हणाले की बाकाला, ठाऊक नाही. आणि शेडकडे गेले, त्यांचं इंजिन आणायला.

मी दिवा विझवला, काटा शून्यावर येऊ दिला, इंजिन उचलून फणसाच्या बुडाशी नेलं. उरलेलं पाणी झाडाला द्यायचं. उजव्या हातानं तोटी उघडली. पाणी वाफाळत बाहेर पडायला लागलं आणि माझ्या पायावर, धोतरावर सांडायला लागलं. सांडेल कसं, असं मला क्षणभर वाटलं. कधी सांडत नव्हतं. मग लक्षात आलं. ओगराळं घरी खुंटीला होतं. ते आणायचं माझ्या डोक्यात आलं नाही, शैलाच्याही आलं नाही, कारण ते आणायचं आमचं कुणाचं कामच नव्हतं. आणि धरायला पलीकडं कुणी बसलेलं नव्हतं. मी नकळत डावा हात तोटीखाली धरला.

चटका बसला. हात झटकला.

"अक्का गं."

तोंडातून निघालं. चांगलं मोठ्यानं. शेडच्या दारात बाबासो हातात इंजिन घेऊन उभे होते, त्यांनी ऐकलं. हात आगीसारखा भाजत होता. मी त्या बाकावर बसलो आणि चौसष्टाव्या वर्षी, परकराचं टोक सुटलेल्या पोरासारखा रडलो. तोटी उघडीच राहिली होती. तिचं पाणी थेंबाथेंबानं फणसाच्या बुडात जिरत होतं. मी ते बंद केलं नाही.